एजन्सी वहिनींच्या नावावर

मैत्रिणींनो, मार्च महिना म्हणजे आम्हा मास्तरणींच्या मागे पेपरांचे गठ्ठे आणि घरात वाळवणांची घाई. मागच्या मंगळवारी दुपारी मी आठवीचे पेपर तपासायला बसले होते, स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत होता, तेवढ्यात समोरच्या वहिनींची हाक आली. "ताई, जरा येता का? एक बाई आल्या आहेत. मला तर काही सुचूनच नाही राहिलं."

मी लाल पेन तसाच हातात घेऊन गेले. व्हरांड्यात देवळीकडच्या एका खेड्यातली बाई बसली होती. वय चाळिशीच्या आतलं. शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा, हातात पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला विम्याचा बॉण्ड. नवरा १९ फेब्रुवारीला गेला. तेरवी आटोपली आणि ती पहिल्या बसने वर्ध्याला आली. २८ जानेवारीचा सहामाही हप्ता भरायचा राहून गेला होता. कापूस घरातच होता. भाव जरा वर आला की विकू आणि हप्ता भरू, असं नवऱ्यानं ठरवलं होतं.

"बाई, हप्ता राह्यला म्हणून बुडाली का जी आमची पॉलिसी?" तिनं विचारलं. "बॉण्डवर एजंट म्हणून तुमचंच नाव आहे नं?"

नाव वहिनींचंच होतं. पण वहिनींनी ही पॉलिसी कधी पाहिली नव्हती, त्या माणसाला कधी भेटल्या नव्हत्या. एजन्सी त्यांच्या नावावर आणि काम सगळं भाऊजींचं. भाऊजी सरकारी नोकरीत; ते त्या दिवशी दौऱ्यावर होते आणि फोन लागत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "हे शनिवारी येतील, तेव्हा या." बाई उठली. मुलाचा हात धरला आणि पदरानं डोळे पुसत पायरी उतरू लागली. पुन्हा बसचं भाडं, पुन्हा एक मजुरी बुडणार, आणि चार दिवस मनात एकच, की बुडाली.

मला राहवलं नाही. मी तिला थांबवलं आणि आर्वीला माझ्या आईला फोन लावला. आई विम्याची जुनी एजंट. तिनं दोनच प्रश्न विचारले, हप्त्याची तारीख कोणती आणि माणूस कधी गेला? मग म्हणाली, "अगं, सहामाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. २८ जानेवारीपासून ३० दिवस म्हणजे २७ फेब्रुवारी. माणूस १९ ला गेला. पॉलिसी चालूच आहे. थकलेला हप्ता वजा करून क्लेम मिळतो. तिला आधी पाणी दे, चहा दे, आणि सांग की बुडाली नाही."

दोन मिनिटांचं उत्तर होतं. पण ज्यांच्या नावाची एजन्सी, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

ती बाई गेल्यावर वहिनी आतून एक जुनं कार्ड घेऊन आल्या. त्यांचा एजंटचा परवाना. त्यावर मुदत संपल्याची तारीख होती २०१७ ची. वहिनींचा चेहरा उतरला. "ताई, हा तर केव्हाच संपला. रिन्यू केलाच नाही. मग मी इतकी वर्षं बिनपरवान्याची एजंट आहे का? त्या बाईची पॉलिसी तर नाही ना अडकणार माझ्यापायी?"

अशी जुनी कार्डं आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात असतील, म्हणून आज हाच विषय घेते.

विमा एजंटाला परवाना हवा, हे १९३८ च्या विमा कायद्यापासून चालत आलेलं. पुढे १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ आलं, १९९९ च्या कायद्यानं विमा नियामक प्राधिकरण आलं आणि खाजगी कंपन्याही आल्या. २००० साली नवे नियम झाले. परवाना ३ वर्षांचा, फी २५० रुपये. नवीन एजंटानं १०० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि परीक्षा द्यायची. पुढे ते तास ५० झाले. दर ३ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याआधी २५ तासांची उजळणी. अर्ज मुदत संपायच्या ३० दिवस आधी पोहोचला पाहिजे. उशीर झाला तर वर १०० रुपये. मुदतच उलटून गेली तर अर्ज घेतच नसत. फारच अडचण होती असं पटवून दिलं, तर ७५० रुपये दंड भरून गाडी पुन्हा रुळावर.

माझ्या आईनं २००३ साली एजन्सी घेतली तेव्हा मी शाळेत होते. प्रशिक्षणासाठी ती पहाटे चारला उठून पोळ्या करून ठेवायची. बाबा म्हणायचे, कशाला ही कटकट? पण आईनं हट्ट सोडला नाही. २००९ साली नूतनीकरणाच्या वेळी नेमकी आजी अंथरुणाला खिळली. उजळणीचे तास राहिले, अर्ज राहिला, तारीख उलटली. आईनं या टेबलावरून त्या टेबलावर किती खेटे घातले असतील! कुणी म्हणे सर्टिफिकेट आणा, कुणी म्हणे साहेब रजेवर आहेत. शेवटी ७५० रुपये दंड भरला, तेव्हा परवाना हाती आला. ते पैसे तिनं माझ्या दिवाळीच्या कपड्यांतून काढले होते, हे मला फार उशिरा कळलं.

बाईमाणसाला ही ३ वर्षांची तारीख फार जाचायची. बाळंतपण, आजारपण, बदली, मुलांच्या परीक्षा, यांतलं काहीतरी नेमकं त्याच महिन्यात यायचं. कित्येकींची एजन्सी काम न जमल्यामुळे नाही, तर तारीख चुकल्यामुळे गेली.

२०१५ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०१६ पासून नवे नियम लागू झाले. एजंटाला प्राधिकरणाचा परवाना घेण्याची आणि तो दर ३ वर्षांनी नवा करण्याची पद्धत गेली. आता कंपनीच एजंटाची नेमणूक करते. दहावी पास असलेल्या बाईनं कंपनीकडे अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची. त्याआधी कंपनी पॅन नंबरावरून पाहते, की ही बाई दुसऱ्या कंपनीची एजंट नाही ना, काळ्या यादीत नाही ना. मग नेमणूकपत्र, एजन्सीचा कोड नंबर आणि ओळखपत्र मिळतं. एका वेळी आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्य विम्याची एक, अशा कंपन्यांचं काम करता येतं. बदल झाला तेव्हा ज्यांचा परवाना चालू होता त्यांची एजन्सी पुढे तशीच राहिली. परवान्याच्या जागी नेमणूकपत्र आलं.

मी वहिनींना म्हटलं, "कार्डावरच्या २०१७ ला घाबरू नका. तुमचं नेमणूकपत्र शोधा." ते सापडलं, भाऊजींच्या ऑफिसच्या बॅगेत.

इथे एक फरक सांगते. दुकानाला आग लागली, हिंगणघाटला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी जळाल्या, गाडी ठोकली, तर मोठं नुकसान मोजायला जो सर्व्हेअर येतो, त्याचा परवाना २०१५ च्या नियमांतही प्राधिकरणाकडेच राहिला, ३ वर्षांच्या मुदतीचा. कारण उघड आहे. तो कंपनी आणि नुकसान झालेला माणूस यांच्या मध्ये उभा राहून आकडा ठरवतो. एजंट कंपनीच्या वतीनं बोलतो, म्हणून त्याची जबाबदारी कंपनीवर टाकली. एजंटाच्या चुकीसाठी कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असं तोच कायदा म्हणतो.

आणि आणखी एक गल्लत टाळा. पोस्टाच्या आर.डी.ची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजन्सी पुष्कळ मैत्रिणींकडे असते. ती वेगळी. तिच्या अधिकारपत्राला मुदत असते आणि ते नवं करून घ्यावं लागतं. विम्याचं नूतनीकरण गेलं म्हणून पोस्टाचंही गेलं असं समजून बसू नका.

आता मुद्द्यावर येते. नूतनीकरण सोपं झालं, ते फार चांगलं झालं. माझ्या आईसारख्या कितीतरी जणींचे खेटे वाचले. पण त्या जुन्या कटकटीत एक गोष्ट चांगली होती. ३ वर्षांतून एकदा का होईना, जिच्या नावाची एजन्सी तिला २५ तास स्वतः जाऊन बसावं लागे. हजेरीत तिचं नाव पुकारलं जाई. सवलतीचे दिवस किती, क्लेमला काय कागद लागतात, हे कानावरून जाई. आता ती सक्ती गेली आणि वहिनींसारख्या बायकांना विचारायला कुणी येतच नाही. फॉर्मवर खूण केलेल्या जागी सही केली की संपलं. सही बाईची, कमिशन बाईच्या खात्यात, एटीएम कार्ड मात्र दुसऱ्याच्या खिशात!

वहिनी म्हणाल्या, "आपल्याला काय करायचं त्यातलं समजून? घरातलाच तर माणूस करतो." बरोबर आहे, घरातलाच आहे. पण सही म्हणजे काय, ते तरी पाहा.

विम्याच्या प्रस्तावाबरोबर एजंटाचा गोपनीय अहवाल असतो. या माणसाला मी ओळखते, त्याची तब्येत, कमाई मला माहीत आहे, अशी ती साक्ष असते. न पाहिलेल्या माणसाची साक्ष आपण देतो. पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या ३ वर्षांत माहिती लपवली म्हणून कंपनी पॉलिसीला हरकत घेऊ शकते. कायद्याचं ४५ वं कलम तसं म्हणतं. तेव्हा फॉर्ममध्ये कुणी शुगर लपवली असेल, तर भोगते कोण? पिशवी घेऊन दारात येणारी ती बाई.

दुसरं, 'पहिल्या हप्त्यातले थोडे पैसे आम्हीच भरतो' असं सांगून पॉलिसी विकायची रीत आपल्या गावांत सर्रास आहे. आपल्या कमिशनातून ग्राहकाला सूट देणं ४१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पूर्वी दंड ५०० रुपयांचा होता, २०१५ पासून तो १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. कागदावर नाव कुणाचं असेल, हे सांगायला नको.

तिसरं, आणि हे जरा हळू आवाजात सांगते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकरानं पत्नीच्या किंवा घरातल्या कुणाच्या विमा एजन्सीसाठी स्वतः ग्राहक फिरवणं हा नियमभंग आहे. घरात कुणाची अशी एजन्सी असेल तर ते कार्यालयाला कळवावंही लागतं. पत्नीनं एजन्सी चालवायला हरकत नाही. पतीनं तिच्या आडून चालवायला आहे. म्हणजे 'यांच्या मदतीसाठी' आपण गप्प राहतो आणि त्यातून यांच्याच नोकरीला धोका! ही गोष्ट वहिनींना सर्वांत जास्त लागली.

तेव्हा ज्यांच्या नावावर एजन्सी आहे, त्यांनी या गोष्टी कराव्यात.

नेमणूकपत्र, ओळखपत्र आणि कोड नंबर आपल्या कपाटात, आपल्या फाइलमध्ये ठेवा. जुना परवाना टाकू नका, तो नोंद म्हणून असू द्या. नाव, पत्ता, मोबाइल नंबर बदलला असेल तर कंपनीला कळवा. पुष्कळ ठिकाणी कंपनीकडे नंबर पतीचाच दिलेला असतो!

कमिशन आपल्या पॅनवर जमा होतं, म्हणून ते आपलं उत्पन्न आहे. त्यावर कर कापला गेला असेल तर विवरणपत्रही आपल्या नावानं भरायचं असतं. पासबुक महिन्याला स्वतः भरून आणा. घरखर्चाला पैसे द्या, अवश्य द्या, पण किती आले ते माहीत असू द्या.

एक दोनशे पानी वही घाला. प्रत्येक पॉलिसीला एक ओळ पुरे. नाव, गाव, पॉलिसी नंबर, हप्त्याची तारीख, नॉमिनी, फोन. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काही जड नाही. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. आपल्याकडे सोयाबीन आणि कापूस विकल्यावरच पैसा हातात येतो. म्हणून शेतकरी घरी हप्त्याच्या तारखेआधी एक फोन जायलाच हवा.

त्याच पानावर क्लेमचे कागद लिहून ठेवा. मूळ बॉण्ड, मृत्यूचा दाखला, क्लेमचा फॉर्म, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँकेचं खातं. पॉलिसी नवी असेल, ३ वर्षांच्या आतली, तर चौकशी जास्त होते आणि कागदही जास्त लागतात.

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. ज्या माणसाला पाहिलं नाही, त्याच्या अहवालावर सही नाही. घरात थोडी कुरकुर होईल, ती सोसा.

आणि शेवटचं, महिन्यातून एक तास अभ्यासाचा. मैत्रिणींबरोबर बसा, शाखेत जाऊन विचारा, नवीन नियम वाचा. महिन्याला एक तास म्हटलं तर ३ वर्षांत ३६ तास होतात. सक्तीचे तर २५ च होते! हे नूतनीकरण कुणी आपल्याकडून करून घेणार नाही, ते आपलं आपण करायचं.

ज्या मैत्रिणी एजंट नाहीत, नुसत्या हप्ते भरतात, त्यांनीही ओळखपत्र मागायला लाजू नये. पॉलिसी हातात आल्यावर ती न पटली तर ३० दिवसांत परत करता येते, हेही लक्षात असू द्या. आणि बॉण्डवर ज्या एजंट बाईचं नाव आहे, तिला एकदा तरी भेटा.

नव्यानं या कामात यायचं असेल, तर आयुर्विमा महामंडळाची 'बीमा सखी' योजना ९ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. १८ ते ७० वर्षांच्या दहावी पास बायकांसाठी ती आहे. पहिल्या वर्षी महिन्याला ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० असं विद्यावेतन ठेवलं आहे. पण ही पगाराची नोकरी नव्हे. ठरलेलं काम करावं लागतं आणि आधीच्या पॉलिसी चालू राहतील हेही पाहावं लागतं. घ्यायची तर स्वतःच्या पायावर उभं राहायला घ्या, कुणाच्या सहीची सोय म्हणून नको. पूर्वी एजन्सी सोडली असेल आणि पुन्हा यायचं असेल, तर महामंडळाच्या बाबतीत २०२३ मधला बदल विचारून घ्या. फेरनेमणूक झालेल्या एजंटांना पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन मिळण्याची सोय त्यात झाली आहे. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काम धरणाऱ्या बायकांना हे फार उपयोगी आहे.

आपल्या जिल्ह्याला विमा काही नवा नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं सुगीला गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन त्यांच्या औषधोपचाराची हमी घेतली होती. पायलीभर ज्वारी देणाऱ्याला कायद्याचं कलम ठाऊक नसतं. संकटात आपल्यासाठी कुणीतरी उभं राहील, एवढंच त्याला हवं असतं. बॉण्डवर आपलं नाव छापलं जातं, तेव्हा ते उभं राहणारं माणूस आपण असतो.

शनिवारी भाऊजी आले. थोडी बोलाचाली झाली, ती आमच्या घरापर्यंत ऐकू आली. "तुला काय करायचं आहे या भानगडीत?" असं भाऊजी म्हणाले, आणि वहिनी म्हणाल्या, "मला एकदा सगळ्या पॉलिसींची यादी द्या, मग सांगते." रविवारी रात्री उशिरापर्यंत त्यांच्या बैठकीत दिवा होता. एकूण ११४ पॉलिसी निघाल्या. त्यांतल्या ९ घरांची माणसं वहिनी ओळखत होत्या.

काल सकाळी वहिनी देवळीच्या बसमध्ये बसल्या. पर्समध्ये ओळखपत्र, क्लेमचा फॉर्म आणि ती दोनशे पानी वही. त्या बाईला पुन्हा वर्ध्याला यायला लावायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. क्लेम अजून व्हायचा आहे. मृत्यूच्या दाखल्यात नावाचं एक अक्षर चुकलं आहे, ते आधी दुरुस्त करून घ्यावं लागेल. वहिनी म्हणाल्या, "ग्रामपंचायतीत मीच जाते तिच्यासंगं."

तुमच्या कपाटात असं एखादं जुनं कार्ड असेल, तर आज दुपारी काढून पाहा. पुढच्या आठवड्यात साबुदाण्याच्या पापड्यांकडे वळू. यंदा ऊन लवकर तापलं आहे.